सड्यावर टायर बसला तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, मोटारसायकलची ट्यूब साधारणतः दोन प्रकारे निकामी होते. करवंदीचा किंवा काटेरी बांबूचा काटा टायरमधून आत शिरला की हवा सावकाश निघते आणि चालकाला ते बऱ्याच उशिरा कळते. दुसऱ्या प्रकारात चाक वेगात जांभ्याच्या धारदार कडेवर आदळते, ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते, तिला सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात आणि हवा एकदम जाते. खडकाळ वाटेसाठी म्हणून हवा प्रमाणाबाहेर कमी केलेली असेल, तर हा दुसरा प्रकार हटकून घडतो.

मागचा टायर बसला की गाडी मागून डोलू लागते. पुढचा बसला की हँडल जड होऊन एका बाजूला ओढते. अशा वेळी हात आणि पाय आपोआप ब्रेककडे जातात, आणि नेमके तेच आवरायचे असते. थ्रॉटल हळूहळू बंद करावा, हँडल दोन्ही हातांत पक्के धरून गाडी सरळ ठेवावी आणि ब्रेक लावणे अगदी भाग पडले तर हवा शाबूत असलेल्या चाकाचाच, तोही हलक्या हाताने लावावा. थांबल्यावर ‘आणखी थोडे पुढे जाऊ’ हा मोह टाळावा, कारण बसलेला टायर रिमवर घसरतो, ट्यूब त्याच्याबरोबर फिरते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. मग त्या ट्यूबला पॅच लावून काही उपयोग नसतो.

सोबत काय असावे, याबाबत माझे मत ठाम आहे: वाटेत पॅच लावत बसण्यापेक्षा नवी ट्यूब घालावी आणि जुनीची दुरुस्ती घरी करावी. हिरो एक्सपल्स २०० किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या गाड्यांचे पुढचे चाक २१ इंची आणि मागचे त्याहून लहान असते. दोन ट्यूब नेणे शक्य नसेल तर २१ इंची ट्यूब न्यावी, कारण ती अडीअडचणीला मागच्या चाकातही बसते. मागची रुंद ट्यूब पुढच्या टायरमध्ये नीट बसत नाही. त्याखेरीज दोन-तीन टॉमी (टायर रिमवरून उचकटण्याच्या चपट्या पट्ट्या), दोन्ही एक्सलच्या मापाचे पाने, हातपंप, व्हॉल्व्हची पिन काढण्याचे साधन, पॅच आणि सोल्यूशन, आणि साबणाच्या पाण्याची लहान बाटली एवढे सामान पुरते.

गाडी शक्यतो कातळावर किंवा घट्ट जमिनीवर घ्यावी. पावसाळ्यात चिखलात साइड स्टँड रुतू नये म्हणून त्याखाली चपटा दगड ठेवावा. एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा, कारण गाडी उचलल्यावर त्यावर जोर लावला तर ती कलंडते. सेंटर स्टँड नसलेल्या गाडीला इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याला दगडांचा किंवा ओंडक्याचा टेकू देऊन चाक अधांतरी करावे. एक्सल ओढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या स्पेसरचा (एक्सलवर चाकाशेजारी बसणाऱ्या नळीवजा कड्यांचा) आणि चेन ताणण्याच्या खुणांचा मोबाइलवर फोटो काढावा, मग मागचे चाक पुढे ढकलून चेन उतरवावी. डिस्क बाहेर आल्यावर ब्रेक चुकूनही दाबू नये; पॅड एकमेकांना चिकटतात. खबरदारी म्हणून त्यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून ठेवावा.

चाक डिस्कची बाजू वर ठेवून आडवे करावे, पिन काढून उरलेली हवा सोडावी आणि बुटाच्या टाचेने टायरची कड रिमपासून सोडवावी. रिमलॉक (टायर रिमवर घसरू नये म्हणून आतून आवळलेली पकड) असेल तर त्याचा नट आधी सैल करावा. यापुढे ताकदीपेक्षा युक्ती महत्त्वाची ठरते: व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवली, की व्हॉल्व्हजवळ टॉमी सहज आत जाते आणि कड थोडी-थोडी करून बाहेर येते. टॉमी फार खोल खुपसू नये.

ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून फडके फिरवावे, आणि ते जिथे अडकेल तिथे काटा शोधावा. घाईत मी एकदा हे टाळले, नवी ट्यूब घालून दिमाखात निघालो आणि दहा मिनिटांत त्याच काट्याने तीही फोडली. त्या दिवशी गावापर्यंत गाडी ढकलत न्यावी लागली. बाहेरून काटा दिसत नसेल तर जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून तिचे छिद्र शोधावे, जवळ व्हाळ (ओढा) असेल तर ती पाण्यात बुडवावी, आणि व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजून टायरवरची ती जागा तपासावी.

नवी ट्यूब नसेल तर पॅच लावणे आलेच. छिद्राभोवतीचा भाग पॉलिश पेपरने घासून, पुसून, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे. आषाढात हवेतल्या ओलाव्यामुळे याला बराच वेळ लागतो. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच सुटतोच. टायर कडेला फाटला असेल, तर आतून जुन्या ट्यूबचा जाड तुकडा लावून अगदी हळू चालवत पक्का रस्ता गाठावा.

ट्यूब आत घालण्यापूर्वी तिच्यात आकार धरण्यापुरतीच हवा भरावी, म्हणजे तिला पीळ पडत नाही. कड चढवण्यास व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हजवळ करावा, आणि व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब टॉमीखाली आलेली नाही याची खात्री करावी. माझ्या पाहण्यात वाटेत फुटलेल्या नव्या ट्यूब बहुतेक इथेच चिमटलेल्या असतात. साबणाचे पाणी लावून हवा भरताना टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहावे. चाक बसवल्यावर चेनचा ताण तपासावा आणि ब्रेक पक्का लागेपर्यंत पेडल किंवा लिव्हर दाबत राहावे.

काम अंधारात अडकले तर गाडी सोडून एकट्याने जंगलातून चालत निघू नये. या भागात संध्याकाळी गवे वाटेवर येतात. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत गाडी नेण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी, आणि फुटलेली ट्यूब तिथे न टाकता पिशवीत भरून आणावी.

गाव आल्यावर एक्सलचा नट पुन्हा आवळून घ्यावा, हवा गेजने मोजावी, आणि रिम वाकली असेल किंवा आरे सैल झाले असतील तर ते मेकॅनिककडून त्याच दिवशी नीट करून घ्यावेत.