वाइनच्या फळीवरची चिठ्ठी कशी वाचावी

अमेरिकेतील मध्यम आकाराच्या वाइन दुकानातही शेकडो बाटल्या मांडलेल्या असतात आणि लेबलावरील गावाचे किंवा द्राक्षाचे नाव परिचयाचे नसेल, तर ग्राहकाला आधार उरतो तो फळीच्या कडेला अडकवलेल्या तळहाताएवढ्या चिठ्ठीचा. दुकानदार तिला ‘शेल्फ टॉकर’ म्हणतात. ही चिठ्ठी खरोखर उपयोगी पडते. मात्र ती कोणी लिहिली आणि नेमक्या कोणत्या बाटलीविषयी लिहिली, हे आधी पाहून घ्यावे.

लिहिणाऱ्याची ओळख बहुधा चिठ्ठीच्या रूपावरूनच पटते. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक आणि दुकानदार अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था स्वीकारली, आणि गुळगुळीत कागदावरच्या रंगीत, छापील चिठ्ठ्या सहसा यांतल्या पहिल्या दोघांकडून येतात. म्हणजेच ती जाहिरात असते. हाताने लिहिलेली आणि खाली कर्मचाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी निराळी. ती लिहिणारा माणूस त्याच दुकानात उभा असतो आणि ‘ही वाइन तुम्हाला का आवडली?’ असे त्याला तिथेच विचारता येते. दुकानालाही माल खपवायचा असतो हे खरे, तरी अशा चिठ्ठीला मी अधिक महत्त्व देतो.

चिठ्ठीवर सर्वांत ठळक असतात ते गुण. शंभर गुणांची पद्धत रूढ केली ती रॉबर्ट पार्कर या समीक्षकाने, १९७८ साली सुरू केलेल्या आपल्या पत्रिकेतून. या पद्धतीत पन्नास गुण प्रत्येक वाइनला आधीच मिळालेले असतात. उरलेल्या पन्नासांपैकी पाच रंगरूपाला, पंधरा गंधाला, वीस चव आणि घोटानंतर रेंगाळणाऱ्या स्वादाला आणि दहा एकूण दर्जाला व मुरण्याच्या क्षमतेला. या वाटणीत किमतीला किंवा सोबतच्या जेवणाला जागाच नाही, हे ध्यानात घेतले की ९२ गुणांची वाइन आपल्या ताटाशेजारी बेचव का वाटू शकते, हे कळते. शिवाय ८२ गुणांची चिठ्ठी कोणी लावत नाही, त्यामुळे फळीवर नव्वदीच्या वरचे आकडेच दिसतात आणि चिठ्ठी नसलेली बाटली कमी दर्जाची आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. गुण देणाऱ्याचे नाव छापलेले नसेल, तर आकडा सोडून द्यावा. ‘९०–९२’ असा पल्ला दिलेला असेल, तर ती वाइन बहुधा पिंपातच असताना, बाटलीत भरण्यापूर्वी चाखलेली असते. काही समीक्षक वीसपैकी गुण देतात. तिथे १७ हा आकडा चांगलाच मानावा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. चिठ्ठीवरील वर्ष आणि बाटलीवरील वर्ष जुळते का, ते बोट ठेवून पाहावे. लेबलावरील वर्ष द्राक्षे तोडल्याचे असते आणि गुण त्याच वर्षाच्या पिकाला दिलेले असतात. पण जुना साठा संपून पुढच्या वर्षाच्या बाटल्या फळीवर येतात आणि चिठ्ठी तशीच लटकत राहते. यात दरवेळी लबाडी असते असे नाही, पुष्कळदा निव्वळ आळसच असतो. स्वस्त, रोजच्या वाइनमध्ये या फरकाने फारसे बिघडत नाही, परंतु जिथे पावसाचे आणि उन्हाचे गणित दरवर्षी बदलते, त्या फ्रान्समधील बोर्दो किंवा बर्गंडीसारख्या प्रदेशांच्या महागड्या बाटलीबाबत वर्ष जुळत नसेल तर ते गुण विचारात घेऊ नयेत.

गोडीविषयीचे शब्दही जपून वाचावेत. वाइनच्या भाषेत ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली. फसफसणाऱ्या वाइनवर ‘ब्रूट’ लिहिले असेल तर लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये १७ ते ३२ ग्रॅम, म्हणजे नावाने ‘ड्राय’ असलेली बाटली जिभेला गोड लागते. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या एलसीबीओ या सरकारी दुकानांमध्ये फळीवरील किंमतपट्टीवरच वाइनची शैली आणि लिटरमागे साखरेचे ग्रॅम दिलेले आढळतात. गुणांपेक्षा ही माहिती मला कितीतरी कामाची वाटते, कारण ती आपल्या आवडीशी थेट ताडून पाहता येते.

जेवणाच्या शिफारशींत स्टेक, चीज आणि मासे यांच्यापलीकडे सहसा काही नसते. तांबडा रस्सा किंवा ठेचा तिथे सापडणार नाही. अशा वेळी एवढे लक्षात ठेवावे की टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या सालीतून व बियांतून येणारा तुरटपणा, आणि जास्त अल्कोहोल यांमुळे तिखट आणखी झोंबते, तर थोडी गोडी ते सौम्य करते. म्हणून चिठ्ठीवर ‘टॅनिक’ किंवा ‘दमदार’ अशा अर्थाचे शब्द असलेली लाल वाइन बाजूला ठेवून रीझलिंग या द्राक्षाची किंचित गोडसर पांढरी वाइन शोधावी. रीझलिंगच्या अनेक बाटल्यांच्या मागच्या लेबलावर ड्रायपासून गोडपर्यंतची चार पायऱ्यांची पट्टी छापलेली असते, तीही पाहावी.

बाटली आवडली तर पुढच्या खेपेसाठी चिठ्ठी आणि लेबल या दोन्हींचा एकत्र फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि दुकानात शिरल्यावर तोच फोटो कर्मचाऱ्याला दाखवून, याच चवीचे पण कमी किमतीचे काही आहे का, असे विचारावे.