परदेशात व्हिटॅमिन आणि टॉनिक नेताय? गोव्याहून निघण्यापूर्वी या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आमच्या फार्मसीच्या काउंटरवर परतीच्या प्रवाशांची गर्दी वाढते. कुणी कुवेतला निघालेला, कुणी इंग्लंडमधल्या स्विंडनला, कुणी बोटीवर रुजू होणार. मागणी साधारण सारखीच: कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, लोहाच्या गोळ्या, डी-३, एखादं च्यवनप्राश. सहा महिन्यांचं एकदम द्या, तिथे फार महाग पडतं.

यात वावगं काही नाही. साध्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना बहुतेक देशांत कुणी हरकत घेत नाही. घोळ होतो तो "काही नाही हो, ताकदीचं आहे" म्हणून बॅगेत टाकलेल्या डब्यांमुळे. तिथला अधिकारी डब्यावरचं नाव सोडून घटकांची यादी वाचतो. म्हणून ती यादी आपण घरातच वाचलेली असावी, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

लाडवातली खसखस

लेक परदेशात बाळंत होणार म्हटलं की आई डिंकाचे लाडू वळायला घेते. खारीक, सुकं खोबरं, बदाम, डिंक आणि खसखस. आपल्या दृष्टीने बाळंतिणीला यापेक्षा चांगलं टॉनिक नाही. पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. संयुक्त अरब अमिराती, कतार, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे ती न्यायला बंदी आहे. पुडी सीलबंद असली, दुकानाची पावती जवळ असली, तरी काही फरक पडत नाही. शागुतीच्या (कोंबडीच्या गोवेकरी रश्श्याच्या) तयार मसाल्यातही खसखस असते आणि तो मसाला गोव्याहून गल्फला जाणाऱ्या कितीतरी बॅगांत असतो.

बियांमध्ये नशा येण्याजोगं काही नसतं हे खरं आहे. मात्र बोंडाचा चीक बियांना लागलेला राहतो आणि त्यात मॉर्फीन व कोडीनचा अंश असतो. त्यामुळे खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीच्या तपासणीत अफूजन्य द्रव्य दिसू शकतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२३ मध्ये आपल्या सैनिकांना याच कारणासाठी खसखस टाळायला सांगितलं होतं. बोटीवर जाणाऱ्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावं. रुजू होण्याआधी आणि नंतर अचानकही ही तपासणी होते, आणि तिच्यावर नोकरी अवलंबून असते. निघण्याच्या आठवड्यात घरच्यांनी खसखशीचं वाटण लावून कोंबडी करू नये.

लाडू न्यायचे तर खसखस वगळून वळा, तिच्या जागी तीळ घाला. लंडनला खसखस दुकानात उघड मिळते हे खरं, पण तुमचं विमान दुबई किंवा दोहामार्गे जात असेल तर ती बॅगेत नको. मधल्या विमानतळाचा कायदाही तुम्हाला लागू होतो, ही गोष्ट तिकीट काढताना कुणी सांगत नाही.

ऑस्ट्रेलियाला जाताना घरचं खाणं, चूर्ण, काढ्याची पूड, जे काही असेल ते विमानात मिळणाऱ्या प्रवेश-कार्डावर लिहा. लिहिलं तर फार तर ते काढून घेतील. लपवलं तर दंड बसतो.

आसव, अरिष्ट आणि "विजया"

दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव या बाटल्यांत आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेलं मद्यार्क असतं आणि लेबलावर तसं लिहिलेलंही असतं. आपल्याकडे ते औषध म्हणून घेतलं जातं, कुणाच्या मनात दारूचा विचार येत नाही. कुवेतमध्ये मद्य आणायला पूर्ण बंदी आहे, सौदीतही प्रवाशाला ते आणता येत नाही. तिथे जाणाऱ्याने ही बाटली नेऊ नये, वैद्यांकडून त्याच औषधाचा गोळी किंवा चूर्णाचा पर्याय विचारून घ्यावा.

दुसरा शब्द "विजया". झोपेसाठी, सांधेदुखीसाठी म्हणून हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या काही आयुर्वेदिक तेलांच्या आणि गोळ्यांच्या घटकांत तो दिसतो. विजया म्हणजे भांग. सीबीडी (भांगेतलं एक द्रव्य), हेम्प एक्स्ट्रॅक्ट (भांगेचा अर्क) ही त्याच कुळातली नावं. भारतात आयुष परवान्यावर ते औषध विकलं जात असलं तरी गल्फमध्ये आणि सिंगापुरात तो अमली पदार्थांचा गुन्हा ठरू शकतो. येताना उलटा प्रकार होतो. अमेरिकेहून, कॅनडाहून, थायलंडहून आईबाबांसाठी "झोपेच्या गमीज", म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, आणल्या जातात. त्यात टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, असेल तर गोव्याच्या दाबोळी विमानतळावर काय किंवा मोपाला काय, १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा होतो. व्हिटॅमिनची गमी आणि ही गमी दिसायला अगदी सारख्या असतात. डबा फोडून सुट्या पिशवीत भरलेल्या गमीज आणू नका आणि कुणाच्या घेऊही नका.

एका देशात पूरक आहार, दुसऱ्यात औषध

झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिन अमेरिकेत किराणा दुकानात मिळतं. ब्रिटनमध्ये ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं. डीएचईए हे संप्रेरक (हॉर्मोन) अमेरिकेत पूरक म्हणून विकलं जातं, कॅनडात मात्र ते नियंत्रित द्रव्यांत मोडतं. जिमला जाणाऱ्या मुलांच्या काही "प्री-वर्कआउट" पावडरींत असलेलं डीएमएए हे उत्तेजक ऑस्ट्रेलियात पूर्ण बंद आहे. अश्वगंधा तर आपल्याला तुळशीइतकी घरची वाटते, पण डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

भस्म आणि रसौषधींबाबत, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांबाबत, मी जास्त आग्रही आहे. त्यात पारा, शिसं, आर्सेनिक असू शकतं. अमेरिका आणि ब्रिटनच्या औषध नियामकांनी यावर वेळोवेळी इशारे दिले आहेत. ती घेताना डॉक्टरांची नजर असावी लागते. परदेशात काही बिघडलं तर तिथल्या डॉक्टरला त्यात काय आहे हे तुम्ही सांगू शकणार नाही. वैद्यांनी पुडीत बांधून दिलेलं बिननावाचं चूर्ण याच कारणासाठी घरी ठेवून जा.

कापलेली पट्टी

ही चूक आम्हा फार्मसीवाल्यांच्या हातून सुरू होते. दहाची पट्टी कापून सहा गोळ्या दिल्या की नाव, बॅच आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. परदेशी जाणाऱ्याने पूर्ण पट्टी किंवा सीलबंद बाटलीच मागावी, सोबत औषधांची नावं असलेलं छापील बिल घ्यावं. जागा वाचवायला सगळ्या गोळ्या एका डबीत ओतणं तर मुळीच नको. रोजच्या कप्प्यांची डबी हवीच असेल तर ती रिकामी न्या, पोचल्यावर भरा.

डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव असलेली हवी. त्यावरचं तुमचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे. गोव्यात हा प्रश्न खरोखर येतो: घरचं नाव एक, लग्नानंतरचं दुसरं, आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढला असेल तर जुन्या नोंदींतलं स्पेलिंग तिसरंच, शेणवीचं सिनाय झालेलं. बी-१२ ची इंजेक्शनं आणि सुया नेत असाल तर चिठ्ठीवाचून निघूच नका.

किती न्यावं? ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतचा औषधसाठा मान्य करतात. सगळीकडे तेवढाच नेण्याची सवय ठेवली तर बॅगही हलकी राहते. केबिनमध्ये सिरप १०० मिलिलिटरच्या बाटलीतच. प्रोटीन पावडरचा मोठा डबा चेक-इन बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानाला केबिनमध्ये ३५० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातली पावडर वेगळी तपासली जाते. रोजची गरजेची औषधं मात्र हातातल्या बॅगेत, कारण चेक-इन बॅग एखाद वेळी दोन दिवसांनी पोचते.

"जाता जाता एवढं ने"

शेजारच्या काकूंनी मुलासाठी दिलेला डबा नाकारणं आपल्याकडे फार जड जातं. पण २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने सोपवलेल्या पुडक्यापायी दोहाच्या विमानतळावर पकडलं गेलं. त्यात चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली, बायको गरोदर होती, तिचं मूल तुरुंगात जन्मलं. निर्दोष ठरून ते २०२१ मध्ये परतले. दुसऱ्याचं औषध न्यायचंच तर पुडकं तुमच्यासमोर उघडून पाहिलेलं, आतलं औषध सीलबंद पट्टीतलं आणि चिठ्ठीसकट असावं. एवढं सांगितल्यावर माणूस रागावला तर रागावू द्या.

तिथे पोचल्यावर अडचण आली तर

अधिकाऱ्याने डबा बाजूला काढला तर चिठ्ठी आणि बिल पुढे करा, विचारलं तेवढंच सांगा. "व्हिटॅमिन आहे" यापेक्षा "कॅल्शियम कार्बोनेट, ५०० मिलिग्रॅम, माझ्यासाठी, ९० दिवसांचं" हे उत्तर लवकर पटतं. जप्त केलं तर पावती मागा, वाद घालू नका.

कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या असतील तर त्या टाका. जून ते सप्टेंबरमधल्या आपल्या दमट हवेत उघडलेली बाटली हमखास ओल धरते, आणि गल्फमध्ये गाडीत ठेवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल तापून खराब होतात.

साठा संपला आणि तिथलं डी व्हिटॅमिन घ्यायची वेळ आली तर आकड्यांत गफलत होते. आपल्याकडची ६०,००० आययूची (आययू हे जीवनसत्त्व मोजायचं एकक) कॅप्सूल आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. तिकडच्या डब्यावर मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. ब्रिटनमध्ये रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू घ्यायला सांगतात. हे दोन हिशेब एकत्र करून ६०,००० ची कॅप्सूल रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या होतात, तहान लागते, मूत्रपिंडावर ताण येतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी वेळेचा बदल झाला तरी कॅल्शियम आणि लोह त्या गोळीपासून चार तास लांब ठेवावं: पहाटे विमान उतरलं तर आधी थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर, बाकीचं दुपारच्या जेवणानंतर.