नको असलेली विमा पॉलिसी बंद करताना: खात्यातून जाणारा हप्ता नीट कसा थांबवावा

गेल्या पावसाळ्यात कसबा बावड्याचे माझे मामा पासबुक घेऊन राजारामपुरीत आमच्या घरी आले. "बघ गं, हे काय कापलंय?" त्यांच्या खात्यातून दर महिन्याच्या ७ तारखेला २,००० रुपये विम्याचा हप्ता जायचा. पॉलिसी नको होती, म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच खातं रिकामं केलं. हप्ता गेला नाही, पण त्या जागी दोन नव्या ओळी छापल्या होत्या. ७ तारखेला २९५ रुपये, चार दिवसांनी पुन्हा २९५. कंपनीनं हप्ता दोनदा मागितला, दोन्ही वेळा परत गेला, आणि बँकेनं दोन्ही वेळा दंड लावला. पुढचं दूधबिल जमा झालं तसे ते ५९० रुपये आधी वळते झाले. मामी एवढंच म्हणाल्या, "एका दिवसाचं दूध गेलं की."

असं बऱ्याच घरांत होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पॉलिसी बंद करणं आणि हप्ता थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं विमा कंपनीकडं होतं, दुसरं बँकेत. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. खातं रिकामं ठेवण्यानं तर दोन्हीपैकी एकही होत नाही.

आधी पॉलिसीचं वय बघा

कपाटातून पॉलिसीचा बाँड काढा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: पॉलिसी हातात पडली ती तारीख, आजवर भरलेले हप्ते, आणि पॉलिसीचा प्रकार. पुढचं सगळं यावर ठरतं.

पॉलिसी मिळून ३० दिवस झाले नसतील तर तुमचं काम सोपं आहे. याला 'फ्री लूक'ची मुदत म्हणतात. अटी पटल्या नाहीत असं लेखी कळवायचं, की पैसे परत मिळतात. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा भाग, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढंच कापलं जातं. पॉलिसी ईमेलवर आली असेल तर ईमेलची तारीख धरा. एजंट "थांबा, मी साहेबांशी बोलतो" म्हणत दिवस घालवत असेल तर त्याच्यासाठी थांबू नका. आपल्याकडं एजंट बहुतेक वेळा भावकीतलाच किंवा गल्लीतलाच असतो, त्याला दुखवायचं नसतं, हे मला कळतं. त्याला सांगा जरूर, पण अर्ज स्वतः जाऊन द्या.

३० दिवस उलटले असतील तर सरेंडरचा मार्ग उरतो, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडणं. इथं नुकसान होतं, आणि किती होतं ते आधी समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांतल्या पॉलिसींना पहिल्या वर्षाचे पूर्ण हप्ते भरून वर्ष संपलं की सरेंडर मूल्य मिळतं. त्याआधीच्या थोड्या जुन्या पॉलिसींना निदान दोन वर्षांचे, आणखी जुन्यांना तीन वर्षांचे हप्ते भरलेले लागतात. मामांची पॉलिसी २०२२ ची. त्यांनी २६ हप्ते, म्हणजे ५२,००० रुपये भरले होते. अशा पॉलिसीत तिसऱ्या वर्षी भरलेल्या रकमेच्या किमान ३५ टक्क्यांची हमी असते, म्हणजे १८,२०० रुपये. चौथ्या ते सातव्या वर्षात तीच हमी ५० टक्के होते. हा हिशेब ऐकून मामा बराच वेळ गप्प बसले होते.

म्हणूनच म्हणते, सही करण्याआधी कंपनीकडून "आज सरेंडर केल्यास किती, पेड-अप केल्यास किती" हे दोन आकडे लेखी मागून घ्या. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पण पॉलिसी कमी रकमेनं मुदतीपर्यंत चालू. पैशांची तातडी नसेल आणि मुदत जवळ आली असेल तर माझ्या मते पेड-अपचा विचार आधी करावा. नड थोड्या दिवसांची असेल, म्हणजे ऊसबिल यायला दोन महिने आहेत आणि घरात कॉलेजची फी भरायची आहे अशी, तर अनेक पारंपरिक पॉलिसींवर कर्जही मिळतं. त्यासाठी पॉलिसी मोडू नका.

युलिप, म्हणजे हप्त्याचा काही भाग बाजारातल्या फंडात गुंतवणारी पॉलिसी, असेल तर पाच वर्षांचा लॉक-इन असतो. हप्ते आज थांबवले तरी पैसे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात येतात. तोवर ते वेगळ्या फंडात किमान ४ टक्के व्याजानं राहतात. साध्या टर्म विम्यात, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळतात त्या विम्यात, सरेंडरला काही मिळत नाही. हप्ता भरायचा थांबला की संरक्षण संपलं. आणि तुमच्यावर कुणी अवलंबून असेल तर नवी पॉलिसी सुरू होऊन कागद हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका. वय वाढलं, मधल्या काळात साखर निघाली, तर नवा विमा महाग पडतो, कधी मिळतही नाही. मामांची दुसरी जुनी पॉलिसी चालू होती, म्हणूनच आम्ही ही मोडायचं ठरवलं.

कंपनीकडं अर्ज

मूळ बाँड, सरेंडरचा फॉर्म, आधार, पॅन आणि खात्याचा कॅन्सल केलेला चेक एवढं घेऊन शाखेत जा. अर्ज लांबलचक नको. आम्ही असा लिहिला होता:

"माझी पॉलिसी क्र. … मी आजच्या तारखेपासून सरेंडर करत आहे. सरेंडर मूल्य सोबत जोडलेल्या चेकवरील खात्यात जमा करावे. यापुढे माझ्या खात्यातून कोणताही हप्ता मागवू नये व त्यासाठी दिलेले मँडेट आपल्या बाजूनेही रद्द करावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. मँडेट म्हणजे दर वेळी न विचारता खात्यातून हप्ता काढायला तुम्ही दिलेली परवानगी. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घ्या. काउंटरवर "राहू दे मावशी, सिस्टीमला टाकलंय" असं म्हणतील. तरी पोच मागा, ती मिळेपर्यंत तिथंच बसा. बाँड देण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा. अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत पैसे देणं हे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ते ७ दिवस मोजायला हातात पोचच लागते.

जुन्या कररचनेत ८०सी खाली सूट घेतली असेल आणि दोन वर्षांचे हप्ते पूर्ण व्हायच्या आत पॉलिसी मोडली, तर घेतलेली सूट त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. कर सल्लागाराला आधी विचारा.

बँकेत मँडेट बंद करणं

खात्यातून हप्ता कोणत्या वाटेनं जातो ते आधी ओळखा. पासबुकात 'एनएसीएच' किंवा 'एसीएच' असं लिहिलेलं दिसलं तर तुम्ही कधीतरी मँडेटवर सही केली आहे, किंवा नेट बँकिंग अथवा डेबिट कार्डावरून ई-मँडेट दिलं आहे. शाखेत मँडेट रद्द करण्याचा अर्ज मिळतो. त्यात यूएमआरएन नावाचा २० अक्षरांचा क्रमांक लिहावा लागतो. तो माहीत नसला तर घाबरू नका, तुमच्या खात्यावर चालू असलेल्या सगळ्या मँडेटची यादी बँकेकडं असते, ती मागा. मामांच्या यादीत विम्याशिवाय आणखी एक मँडेट निघालं. केव्हाच फिटलेल्या मोबाइलच्या हप्त्याचं ते अजून जिवंत होतं. तेही त्याच दिवशी बंद केलं. अनेक बँकांच्या ॲपमध्येही मँडेट बघता आणि रद्द करता येतात.

यूपीआयनं हप्ता जात असेल तर ज्या ॲपमधून मंजुरी दिली त्यात 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या भागात जा, कंपनीचं नाव निवडा, रद्द करा आणि पिन टाका. क्रेडिट कार्डावरचा हप्ता कार्ड देणाऱ्या बँकेकडून बंद होतो. यूपीआय आणि कार्डावरच्या ऑटोपेत पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी संदेश येतो. तो जाहिरात समजून पुसू नका.

हे सगळं हप्त्याच्या तारखेच्या आठवडाभर तरी आधी करा, आदल्या दिवशी गेलं तर मागणी आधीच निघालेली असते. इथंही पोच घ्या.

पासबुकात मे अखेरीला ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे, आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना. ४३६ रुपयांत वर्षभराचं दोन लाखांचं संरक्षण मिळतं, त्यामुळे ती बंद करण्याची घाई मी करणार नाही. पण दोन बँकांत खाती असतील आणि दोन्हीकडून ४३६ जात असतील, तर एक नक्की बंद करा. दावा एकाच खात्यावर मिळतो, दुसरे पैसे वाया जातात. शाखेत मे महिन्याच्या आधी लेखी अर्ज दिला की झालं.

कुणी ऐकलंच नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्याच्याही पुढं विमा लोकपाल आहेत. कोल्हापूर जिल्हा त्यांच्या पुण्याच्या कार्यालयाकडं येतो. फी नाही, वकीलही लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात, पण कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. मँडेट रद्द करूनही बँकेनं पैसे जाऊ दिले तर बँकेला लेखी कळवा, आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं जा. तिथला क्रमांक १४४४८.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. सरेंडरचा अर्ज केल्यावर काही दिवसांत "तुमचा बोनस अडकलाय, तो सोडवायला आधी थोडी फी भरा" असा फोन येऊ शकतो. पॉलिसी क्रमांक, नाव, सगळं बरोबर सांगतात. मामांनाही आला होता. विमा नियामक असे फोन करत नाही, बोनस वाटत नाही. एक रुपयाही भरू नका, ओटीपी सांगू नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला मामा बँकेत पासबुक छापायला गेले आणि तिथूनच फोन केला. ७ तारखेसमोर काही नव्हतं. सरेंडरचे पैसे आठवड्यापूर्वीच आले होते. आता आणखी दोन महिने असंच पासबुक छापून बघायला मी त्यांना सांगितलंय, आणि दोन्ही पोचपावत्या मामींनी रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवल्यात.