घरातल्या शुभार्थीची बिडी-सिगरेट सोडवायचीय? आधी गोळ्यांचं बघा

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसाची, म्हणजे आपण ज्याला शुभार्थी म्हणतो त्याची, सिगरेट सोडवायचा विषय काढला की घरातलंच कोणीतरी म्हणतं, राहू दे ना, तेवढंच तर एक सुख उरलंय त्याला. मला हे अजिबात पटत नाही. असे गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हार्टच्या नाहीतर फुप्फुसांच्या दुखण्याने जातात. म्हणजे आपण वर्षानुवर्षं भास-संशयांशी झगडायचं आणि माणूस जायचा तंबाखूमुळे! आणि खरं सांगते, यातल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच सोडायची असते, फक्त त्यांना कोणी विचारतच नाही.

आता पहिलं काम. सिगरेट कमी करायच्या आधी सायकिअ‍ॅट्रिस्टना सांगा, नंतर नाही. बिडी-सिगरेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हर काही औषधं भराभर जाळून टाकतं, मुख्य म्हणजे क्लोझापिन आणि ओलान्झापिन या भास-संशयांवरच्या गोळ्या, त्यामुळे ओढणाऱ्या माणसाचा डोस बरेचदा त्या हिशोबाने वाढवलेला असतो. धूर थांबला की साधारण आठवड्याभरात लिव्हरचा वेग उतरतो आणि मग तोच डोस अंगावर यायला लागतो, क्लोझापिनची रक्तातली पातळी दीडपटही होऊ शकते. खूप झोप, लाळ गळणं, तोल जाणं, बद्धकोष्ठता वाढणं, असं काही दिसलं की लगेच फोन करा, आणि फिट आली तर सरळ हॉस्पिटल गाठा. डोस किती उतरवायचा ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही मनाने गोळी अर्धी करू नका. रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल असेल तर ही भानगड फारशी नसते.

आपल्याकडे यात अजून एक गोची आहे. हे सगळं धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. म्हणजे बिडी सोडून मावा किंवा तंबाखू-चुना सुरू केला तरी गोळ्यांची पातळी तेवढीच वाढणार, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका आलाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्व्हेत महाराष्ट्रातली २६.६ टक्के मोठी माणसं तंबाखू वापरत होती आणि त्यात खाणारे-लावणारेच जास्त, त्यामुळे "बिडी सुटली बाबा एकदाची" म्हणून निर्धास्त होण्याआधी खिशात पुडी आहे का ते बघा, घरात मशेरीचा डबा असेल तर तोही. चहा-कॉफीचंही तसंच, कॅफिनसुद्धा त्याच वाटेने जळतं, त्यामुळे धूर थांबल्यावर नेहमीचेच चार कप जास्त चढतात, छातीत धडधड होते, झोप उडते, आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. चहा निम्म्यावर आणा.

वेळ कधीची निवडायची? नुकताच अ‍ॅडमिट होऊन आलाय किंवा गोळ्या बदलल्यात तेव्हा नको, जरा स्थिर असताना. पण "पूर्ण बरा झाला की बघू" असंही नको, कारण तो दिवस येतच नाही. एकदम बंद नाही जमलं तर आधी कमी करत जा. सकाळी उठल्यावरची पहिली बिडी अर्धा तास पुढे ढकलायची, मग तासभर.

निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि उठल्या उठल्या ओढणाऱ्याला बहुतेक ४ चाच लागतो. हा गम च्युइंगमसारखा सारखा चघळायचा नसतो. हळू चावायचा, तिखट-झणझणीत लागला की गालात धरून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. दात नसतील तर अंगावर चिकटवायच्या निकोटिन पॅचबद्दल विचारा. सिगरेट सोडवायला देतात त्या व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळीची पूर्वी फार भीती होती, पण २०१६ मध्ये आठ हजारांवर लोकांची मोठी ट्रायल झाली, त्यात निम्मे मानसिक आजार असलेले पण स्थिर झालेले होते, आणि त्या गोळीने मनाचे त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. त्याचसाठीची दुसरी गोळी, ब्युप्रोपिऑन, मात्र जपून, फिट येण्याचा धोका वाढतो, आणि बायपोलरमध्ये मॅनियाकडेही (मन एकदम अवाजवी उसळतं त्याकडे) लक्ष ठेवावं लागतं.

घरातली एक सवय तेवढी मोडायलाच हवी. "गोळी घे, मग सिगरेट देते." "आंघोळ कर, मग बिडी." सगळी दमलेली घरं हे करतात, मला कळतं, पण त्याने सिगरेट म्हणजे बक्षीस होऊन बसते. गोळीची वेळ आणि सिगरेट वेगळी करा. काडेपेटी लपवणं, खिसे तपासणं, पैसे काढून घेणं यानेही काही होत नाही, भांडणं होतात आणि माणूस रस्त्यावरची थोटकं उचलायला लागतो. वाचलेले पैसे त्याच्याच हातात राहू द्या, त्याला हवं ते घेऊ दे.

आणि टपरी. कित्येक शुभार्थींशी दिवसभरात साधं "काय चाललंय" म्हणणारा माणूस टपरीवरच भेटतो, नातेवाईक तर केव्हाच यायचे बंद झालेले असतात. सिगरेट काढून घेतली की ती सोबतही जाते. म्हणून त्या वेळेला कोणीतरी बरोबर चालायला जा, किंवा स्वमदत गटात न्या, किंवा टपरीवाल्यालाच विश्वासात घेऊन सांगा. चांगली माणसं असतात, ऐकतात.

पहिले दोन-चार आठवडे चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं चालतं, मग उतरतं. पण आवाज ऐकू येणं किंवा संशय वाढला तर ते तलफेच्या खात्यात टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. मधे आधार लागला तर पाकिटावरच छापलेला क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, १८००-११-२३५६, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, दोन्ही फुकट.

परत ओढायला लागला तर ओरडू नका, पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डोस उतरवलेला असताना धूर सुरू झाला की पातळी खाली जाते आणि आजार डोकं वर काढू शकतो. वॉर्डमध्ये ओढायला मिळत नसेल तर तिथे बसवलेला डोस घरी येऊन बिड्या सुरू झाल्यावर कमी पडतो, त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी स्वतःहून विचारा, "हा बाहेर पडल्यावर ओढेल, मग डोसचं काय करायचं?"