रोहिणीच्या धुळीत जुना छोटा ट्रॅक्टर: आधी एअर फिल्टरची वाटी उघडा

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी बदलले. नव्या सालदाराला बांध दाखवतात, विहिरीवरचा स्टार्टर दाखवतात. ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरखालची ऑइलची वाटी मात्र कोणी उघडून दाखवत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर आहे आणि पऱ्हाटी काढलेल्या वावरात रोटाव्हेटर चाललाय. मागे लोट एवढा की चालवणारा दिसत नाही. 15 ते 25 एचपीचे जुने ट्रॅक्टर याच वीस-पंचवीस दिवसांत खलास होतात. कळतं मात्र मृगात.

मृगात 75-100 मिलिमीटर पाऊस झाला की कपाशी लावायची. मग आपल्या काळ्या जमिनीत कोळपणीला वाफसा मिळतो तो चार दिवस. त्याच सकाळी इंजिन धरत नाही, मिस्त्री दहा गावांत फिरत असतो, भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, आणि पुन्हा पाऊस लागतो. कपाशी तणाखाली गेलेली मी अशीच पाहिली आहे, एकदा नाही, दरवर्षी. खोलात गेलं की निघते ती वाटीच.

एक लिटरचं इंजिन 2000 आरपीएमवर मिनिटाला आठ-नऊशे लिटर हवा ओढतं. त्या हवेतली माती वाटीतल्या ऑइलने आणि जाळीने अडवायची असते. ऑइल घट्ट झालं, आटलं किंवा पाईपची क्लिप ढिली असली की बारीक रेती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा कानशीसारखी घासते. तेव्हा आवाज बदलत नाही, म्हणून माणूस म्हणतो, "चाली ऱ्हायनं ना, मंग कसाले उघडनं?"

माहितीपुस्तिकेत वाटी साधारण 8 ते 10 तासांनी पाहायला सांगतात. कोरड्या वावरात रोटाव्हेटर असेल तर मी दुपारच्या भाकरीच्या वेळीही पाहायला सांगतो. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा, जाळीतलं ऑइल खाली उतरू द्या, मग वाटी काढा. तळाला सेंटिमीटरभर गाळ असेल तर सगळं ओतून द्या, वाटी आणि जाळी डिझेलने धुवा, जाळी निथळून कोरडी होऊ द्या आणि इंजिनला जे ऑइल चालतं तेच खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि त्यावरच पळत सुटतं, मग स्टॉपची दोरी ओढूनही थांबत नाही. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइलही वाटीत टाकू नका, त्यात आधीच माती असते. धुवायला पेट्रोल वापरू नका.

कागदी फिल्टर असेल तर तो धुवायचा नाही, टायरवर आपटायचा नाही. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने, आतून बाहेर मारा. फाटका किंवा वाकलेला असेल तर बदला.

आता पांढऱ्या फडक्याची परीक्षा. फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाईप इंजिनच्या बाजूने काढा आणि आतून फडकं फिरवा. फडक्याला माती लागली तर फिल्टर कितीही स्वच्छ असो, गळती पुढे आहे: पाईपला चीर, क्लिप ढिली किंवा वाटीचं रबर कडक झालेलं. ही रबरं आणि क्लिपा स्वस्तात मिळतात, म्हणूनच दुकानदार त्यांचं नाव काढत नाही. तो काउंटरवर ठेवतो ताकद वाढवणारी डबी, नोझल साफ करणारी बाटली, ऑइलमध्ये टाकायचं औषध. झिजलेला लायनर कोणत्याही बाटलीने भरून येत नाही. ते पैसे रबरावर आणि चांगल्या ऑइलवर घाला.

धुराकडे बघा. ओझ्याखाली काळा धूर आणि ताकद कमी असेल तर आधी फिल्टर साफ करा. तरी काळाच राहिला तर डिझेल फवारणारं नोझल आणि डिझेल पंप तपासा. फिल्टर काढून चालवून बघू नका. ताकद परत येते म्हणून लोक तसेच चार एकर मारतात, आणि तिथेच इंजिन संपतं. निळा धूर आणि ऑइलची पातळी घटत असेल तर ऑइल भरायचं झाकण काढून चालू इंजिनवर उलटं ठेवा. ते थडथड उडालं तर रिंगा गेल्या असं मी धरतो. मोजमाप मिस्त्री करेल, पण इंजिनच्या बोअरचं (सिलिंडरचं) काम आत्ताच उरकून घ्या, मृगात नंबर लागणार नाही. गरम इंजिनातही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा.

सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बहुतेक डिझेलमध्ये हवा आहे. टाकी भरा, डिझेल फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा, मग पंपावरच्या स्क्रूची, शेवटी नोझलच्या नटाची. नोझलच्या पिचकारीसमोर हात धरू नका, ती कातडीत घुसते. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती.

बाकीची कामं:
– पंख्याचा पट्टा: अंगठ्याने दाबून साधारण 12-15 मिलिमीटर
– रेडिएटरच्या जाळीतला कचरा, कापसाचा पिंजा
– बॅटरीचे टर्मिनल
– इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर
– डिझेल फिल्टर

इंजिन तापलं तर वरून गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. रेडिएटरचं झाकणही निवल्यावरच उघडा.

पाऊस सुरू झाला की संध्याकाळी टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री पाण्याचे थेंब जमतात. सकाळी सुरू करण्याआधी डिझेल फिल्टरच्या तळाचा बोल्ट ढिला करून पाणी सोडून द्या आणि सायलेन्सरच्या तोंडावर रात्री डबा उलटा घाला. सालदाराला वाटी एकदा स्वतः उघडून दाखवा, दुसऱ्यांदा त्याच्याकडून उघडून घ्या.