गोदामातील पार्सल हाताळणीच्या नोकरीसाठी रेझ्युमे कसा लिहावा

पॅकेज हँडलरच्या जागेसाठी आलेला रेझ्युमे वाचणाऱ्याला मोजक्याच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हा माणूस पूर्ण पाळी जड काम करू शकतो का, माल चुकीच्या ट्रकमध्ये जाऊ नये याची काळजी घेतो का, स्कॅनर आणि पॅलेट जॅक (मालाची रचलेली फळी उचलून सरकवण्याची गाडी) त्याने हाताळले आहेत का, आणि ठरलेल्या वेळी तो कामावर हजर असतो का? मी असे रेझ्युमे पुष्कळांना लिहून दिले आहेत आणि भरतीच्या बाजूला बसून वाचलेही आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, कार्यालयीन नोकरीचे तयार नमुने गोदामाच्या अर्जाला लावण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो अर्जदाराचे नुकसान करतो. ‘आव्हानात्मक पदाच्या शोधात असलेला मेहनती उमेदवार’ या वाक्यातून वरच्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

जाहिरातीपासून सुरुवात

जाहिरात समोर ठेवा आणि तिच्यात ज्या कामांची नावे आली आहेत ती अधोरेखित करा: लोडिंग, अनलोडिंग, सॉर्टिंग (माल वेगळा करणे), स्कॅनिंग, पिकिंग (यादीप्रमाणे माल काढणे), पॅकिंग, रात्रपाळी. यांपैकी जे तुम्ही खरोखर केले आहे ते त्याच शब्दांत लिहा, कारण मोठ्या कंपन्यांकडे आलेले अर्ज बऱ्याचदा आधी संगणक चाळतो आणि तो जाहिरातीतलेच शब्द शोधतो.

जाहिरातीत वजनाचा आकडा असेल, तर तेवढे वजन वारंवार उचलू शकता असे स्पष्ट लिहा, पण त्यापुढे जाऊन बढाई मारू नका. हाताने वजन उचलण्यासाठी अमेरिकेतील नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९९१ साली जे सुधारित सूत्र मांडले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे, आणि उचलण्याची वारंवारता वाढली किंवा अंग वळवावे लागले की ती आणखी खाली येते. त्यामुळे ‘५० किलोचे खोके एकटा उचलतो’ हे वाक्य जाणत्या सुपरवायझरला ताकदीचे लक्षण वाटत नाही; हा माणूस पाठ दुखावून घेईल, अशी शंका त्याच्या मनात येते. ‘जड माल दोघांनी मिळून किंवा पॅलेट जॅकने हलवण्याची सवय’ हे त्याहून कितीतरी चांगले.

मांडणी

एक पान, एकच स्तंभ, साधा अक्षरसंच. चौकटी, आलेख आणि मागितला नसेल तर फोटोही नको.

अनुभवाच्या ओळी: खरे काम इथे आहे

मलाही सर्वांत जड गेलेला टप्पा हाच, आणि बहुतेकांचे रेझ्युमे इथेच कोसळतात. माणसाने वर्षानुवर्षे ट्रक रिकामे केलेले असतात, पण कागदावर तो फक्त ‘लोडिंग-अनलोडिंगचे काम केले’ एवढेच लिहितो. ही ओळ आठवडाभर काम केलेला माणूसही लिहू शकतो आणि पाच वर्षे काम केलेलाही, म्हणून वाचणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. फरक दिसतो तो आकड्यांतून, आणि ‘माझ्याकडे आकडे नाहीत’ ही तक्रार मी मान्य करत नाही, कारण गोदामातले सगळे काम मोजूनच होते. कोणी तुमच्या हातात तक्ता दिला नसेल, इतकेच.

आकडा असा काढा. नेहमीच्या पाळीत तुमच्या गटाकडे किती ट्रक यायचे, एका ट्रकमध्ये साधारण किती खोकी असायची आणि गटात किती जण होते, हे आठवा. समजा चार जण मिळून रोज ३ ट्रक रिकामे करत होते आणि प्रत्येकात सुमारे ८०० खोकी होती, तर गटाचे काम २४०० खोक्यांचे झाले आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६०० आली. आता ओळ अशी लिहा: ‘चार जणांच्या गटात प्रत्येक पाळीत ३ ट्रक (सुमारे २४०० खोकी) उतरवून मार्गनिहाय सॉर्टिंग केले.’ गटाचा आकडा गटाच्या नावावरच राहू द्या. २४०० खोकी एकट्याच्या नावावर दाखवली, तर मुलाखत घेणारा क्षणात ताशी हिशेब मांडतो, आणि तो जुळला नाही की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. शंका असेल तिथे आकडा खाली आणा. मालाचा प्रकारही लिहा, कारण पाकिटे आणि लहान पार्सले हाताळण्याचा वेग वेगळा असतो आणि टायर, फर्निचर किंवा द्रवाचे डबे हाताळण्याचा वेगळा.

अचूकतेबाबत मात्र माझा ठाम इशारा आहे. ‘९९ टक्के अचूकता’ असे लिहिण्याची एक पद्धतच पडून गेली आहे, आणि लिहिणाऱ्याला ती भूषणावह वाटते. पाळीत ६०० खोकी हाताळणाऱ्याच्या बाबतीत तिचा अर्थ रोज ६ खोकी चुकीच्या जागी गेली असा होतो, आणि गोदामातल्या माणसाला हा अर्थ लगेच दिसतो. टक्केवारी कंपनीने लेखी कळवलेली असेल तरच लिहा. अन्यथा तुम्ही काय करत होता ते सांगा: लेबल आणि पिक लिस्ट (काढायच्या मालाची यादी) ताडून पाहणे, फाटलेले किंवा ओले खोके बाजूला काढून त्याची नोंद करणे, स्कॅन न होणाऱ्या बारकोडचा क्रमांक हाताने भरणे. अशा तपशिलाने तुम्ही ते काम स्वतः केले आहे हे सिद्ध होते, आणि घाऊक टक्केवारीपेक्षा मला तो नेहमीच अधिक मोलाचा वाटला आहे.

हजेरीलाही स्वतंत्र ओळ द्या. पार्सलच्या कामात एक माणूस न कळवता गैरहजर राहिला की सगळी रांग तुंबते, म्हणून ‘१४ महिन्यांत न कळवता एकही रजा नाही’ ही ओळ खरी असेल, तर ती पहिल्या तीन ओळींत असली पाहिजे.

आणखी दोन गोष्टींवर लोक अडखळतात. पगार ठेकेदार संस्था देत असेल आणि काम दुसऱ्या कंपनीच्या गोदामात असेल, तर दोन्ही नावे लिहा. केवळ मोठ्या कंपनीचे नाव लिहिले की पडताळणीत तुमची नोंद तिथे सापडत नाही आणि प्रामाणिक माणूस खोटा ठरतो. दुसरे असे की, सणाच्या किंवा सवलतीच्या हंगामापुरते काम केले असेल तर पदापुढे ‘हंगामी’ हा शब्द अवश्य लिहा, नाहीतर दोन महिन्यांत सोडलेली नोकरी धरसोडपणाचे लक्षण समजली जाते. अधल्यामधल्या रिकाम्या काळाचे कारण एका ओळीत द्या आणि पुढे चला.

गोदामाचा अनुभव नसेल तर

मग ‘अनुभव नाही’ असे लिहून थांबू नका. घरसामान हलवणे, बांधकाम, शेती, दुकानात माल लावणे, उपाहारगृहाचे स्वयंपाकघर, घरपोच वितरण या प्रत्येक कामात वजन, वेग, वेळ किंवा मोजणी यांपैकी काहीतरी असतेच. ते काम वरच्याच पद्धतीने लिहा. आठवड्यातून दोनदा आलेला माल चलनाशी ताडून रॅकवर लावणारा दुकानातला मुलगा जवळजवळ गोदामाचेच काम करत असतो, फक्त त्याला तसे कोणी सांगितलेले नसते. ‘संघभावना’, ‘सकारात्मक दृष्टिकोन’ अशा गुणांची यादी इथे जागा भरण्यासाठी घालू नका.

यंत्रे आणि प्रमाणपत्रे

हाताने चालवायचा पॅलेट जॅक, विजेवर चालणारा पॅलेट ट्रक आणि फोर्कलिफ्ट ही तीन वेगळी यंत्रे आहेत. जे चालवले त्याचेच नाव लिहा. फोर्कलिफ्टचे प्रशिक्षण घेतले असेल तर प्रमाणपत्राची मुदत कधी संपते तेही लिहा, आणि घेतले नसेल तर तिचा उल्लेखही करू नका, कारण इथल्या खोट्या दाव्याने नोकरी जातेच, शिवाय शेजारी काम करणाऱ्याचा पायही जाऊ शकतो. हँडहेल्ड स्कॅनर, कन्व्हेअर (माल वाहून नेणारा पट्टा), स्ट्रेच रॅप (माल गुंडाळण्याचे प्लास्टिक), मालसाठ्याची संगणकप्रणाली यांपैकी जे वापरले असेल ते एका ओळीत मावते.

वरच्या दोन ओळी शेवटी लिहा

नावाखालचा परिचय सगळ्यात शेवटी लिहावा, कारण खालच्या ओळी तयार झाल्यावरच त्यातले काय वर न्यायचे हे कळते. त्यात एकूण अनुभव, सर्वांत बळकट आकडा आणि कोणत्या पाळीत काम करू शकता, एवढेच असावे: ‘पार्सल सॉर्टिंग आणि ट्रक लोडिंगचा २ वर्षांचा अनुभव, प्रत्येक पाळीत सुमारे ६०० खोकी हाताळली. रात्रपाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करण्याची तयारी.’ जी पाळी जमणार नाही ती केवळ नोकरी मिळावी म्हणून लिहू नका. पहिल्याच आठवड्यात ते उघड होते.

फोन नंबर दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून तपासून घ्या, फाइल पीडीएफमध्ये जतन करून तिला तुमचे नाव आणि पदाचे नाव द्या, आणि पाठवा. मुलाखतीला जाताना छापील प्रत सोबत घ्या, आणि तिच्यातला प्रत्येक आकडा कसा काढला हे तोंडी सांगता येते का, हे आदल्या दिवशी एकदा पडताळून पाहा.