एक सारस, तीन नोंदी : पर्यावरण-माहितीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला रामसरचं पाणथळ शहर म्हणून मानांकन मिळालं. तेव्हापासून आपल्याकडची मुलं-मुली मला विचारतात, या माहितीच्या कामात यायचं तर सुरुवात कुठून करू? ईबर्ड (पक्ष्यांच्या याद्या नोंदवायचा मंच), आयनॅचरलिस्ट (फोटोसह कुठल्याही जीवाची नोंद करायचा मंच), जीबीआयएफ (अशा नोंदी एकत्र करणारा जागतिक साठा) ही नावं तुम्ही ऐकली असतील असं धरते. खाती उघडणं वगैरे तुम्ही एका संध्याकाळी शिकाल.

मी थांबणार आहे ती एकाच जागी, कारण माझा पहिला मोठा तक्ता तिथेच अडकला आणि ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. एकच निरीक्षण अनेक वाटांनी जागतिक साठ्यात पोचतं, आणि तिथे ते एक राहत नाही.

समजा, जानेवारीत यशवंत सागरच्या काठी कोणी सारसाची जोडी पाहिली. ईबर्डच्या यादीत लिहिलं: सारस, २. फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला, तोच इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवरही. ही तिन्ही जाळी आपल्या नोंदी जीबीआयएफला देतात (आयनॅचरलिस्ट फक्त पडताळलेल्या आणि योग्य परवान्याच्या). तुम्ही तिथून फाइल उतरवता तेव्हा ओळी तीन असतात. पक्षी दोनच.

‘मग डुप्लिकेट काढून टाकू’ असं म्हणाल. स्प्रेडशीटचं ते बटण इथे काही करत नाही, कारण त्या ओळी एकमेकींसारख्या दिसतच नाहीत. ईबर्डची नोंद बहुधा हॉटस्पॉटच्या, म्हणजे सगळ्यांसाठी सामायिक असलेल्या पक्षीनिरीक्षणाच्या जागेच्या, ठरलेल्या बिंदूवर बसते आणि निरीक्षकाच्या जागी नुसता क्रमांक असतो. आयनॅचरलिस्टच्या नोंदीत नाव असतं, पण धोक्यातल्या प्रजातींची जागा तिथे अनेकदा मुद्दाम लपवलेली असते: ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे साधारण २० किलोमीटरच्या पट्ट्यात, कुठेतरी एक बिंदू टाकलेला. तो जवळच्या हातोद गावापलीकडच्या गव्हाच्या शेतात पडला तरी कोणाला शंका येत नाही, कारण सारस शेतात दिसतोच! आणि आयनॅचरलिस्टच्या ओळीत संख्येचा रकाना बहुतेकदा रिकामा. प्रजाती सोडली तर जुळते ती बहुधा फक्त तारीख.

आता ही बेरीज कुठे जाते ते बघा. रामसरच्या निकषांत २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या पाणपक्ष्याच्या जैविक समूहातले (त्या प्रजातीच्या एका स्वतंत्र गणल्या जाणाऱ्या गटातले) १ टक्का पक्षी नियमित असणं, हे मोजमाप आहे. सारसासारख्या कमी संख्येच्या पक्ष्यात दुहेरी मोजणीने हा आकडा सहज फुगतो. रामसरचं माहितीपत्रक दर सहा वर्षांनी नवं करायचं असतं, म्हणजे चुकीचा आकडा तेवढा काळ देशाच्या नावावर उभा राहतो. म्हणून स्पष्ट सांगते: वेगवेगळ्या संचांतल्या (एकेका मंचाकडून आलेल्या नोंदींच्या गठ्ठ्यांतल्या) संख्या कधीही बेरजेत घेऊ नका.

संख्या घ्यायची तर एकाच पद्धतीच्या गणनेची घ्या. १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना त्यासाठीच आहे. पण तिची माहिती भारतात ईबर्डवरूनही दिली जाते, तेव्हा ती दोन ठिकाणांहून उचलू नका. बाकीच्या नोंदींवरून ‘पक्षी इथे होता’ एवढंच म्हणा. तारीख, प्रजाती आणि तलावाची हद्द यांवरून गट पाडा आणि प्रत्येक गट डोळ्यांनी बघा. जीबीआयएफ सारख्या वाटणाऱ्या नोंदी जोडून दाखवतं, त्याचा उपयोग होतो, निर्णय तुमचाच. आणि संचाचं नाव व अक्षांश-रेखांशातली अनिश्चितता हे दोन रकाने कृपा करून पुसू नका. तक्ता सुटसुटीत करायचा म्हणून सगळे आधी तेच उडवतात.

पूर्वी हा गोंधळ कमी होता. १९८२ मध्ये एन्व्हिस हे भारत सरकारचं पर्यावरण-माहितीचं जाळं सुरू झालं, आणि पुढे तेच भारताकडून संयुक्त राष्ट्रांच्या इन्फोटेरा या पर्यावरण-माहितीच्या जाळ्याशी जोडलं गेलं. देशाचं दार एकच. आज प्रत्येक मंच आपापल्या दाराने थेट बाहेर जातो. मला हे चांगलंच वाटतं, हातोदच्या शाळेतली मुलगीही आज जगाला नोंद देऊ शकते. फक्त जुळवणीचं काम आता आपल्या पदरात आलं आहे.

गुरू शोधताना प्रमाणपत्र देणाऱ्या वेबिनारांमागे धावू नका. वर्षानुवर्षं तलावावर जाणारे एखादे निवृत्त काका गाठा. ‘त्या दिवशी धुकं होतं, पलीकडचा काठ मोजलाच नाही’ हे त्यांनाच ठाऊक असतं आणि कुठल्याही रकान्यात ते नसतं.

घाबरू नका. वाणिज्य शाखेतून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुली हे काम उत्तम करताना मी पाहिल्या आहेत. चिकाटी लागते, पदवी मागाहून.

शेवटचं एक: जीबीआयएफवरून फाइल उतरवलीत की तिला डीओआय क्रमांक, म्हणजे त्या फाइलची कायमची ओळख, मिळतो. अहवालात तोच द्या. त्यावरूनच मूळ संच देणाऱ्यांपर्यंत पोचतं की त्यांच्या नोंदी कुठे वापरल्या गेल्या.